सॅटचा स्कोअर पाठवावा की नाही? नागपूरच्या विद्यार्थी-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर पदवीसाठी थेट अमेरिकेला जाण्याचा विचार करणाऱ्या नागपूर आणि परिसरातील विद्यार्थ्यांकडून, आणि त्याहून अधिक त्यांच्या आई-वडिलांकडून, दर वर्षी जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. जेथे एक विषय दुसऱ्यात मिसळतो, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. विद्यापीठांची धोरणे बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या-त्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाचे त्या वर्षीचे पान स्वतः वाचावे, ही विनंती आरंभीच करतो.

१. सॅट म्हणजे नेमके काय? ती जेईई किंवा सीईटीसारखी प्रवेश परीक्षा आहे का?

नाही, आणि हा फरक समजल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजणार नाही. जेईई किंवा एमएचटी-सीईटीमध्ये गुणांवरून क्रमवारी लागते, कटऑफ जाहीर होतो आणि कॅप राउंडमध्ये जागा मिळते किंवा मिळत नाही. सॅटमध्ये क्रमवारी नाही, कटऑफ नाही आणि राउंडही नाहीत. कॉलेज बोर्ड ही अमेरिकन संस्था ही परीक्षा घेते. इंग्रजी वाचन-लेखन आणि गणित हे तिचे दोन भाग असून प्रत्येकाला २०० ते ८००, म्हणजे एकूण ४०० ते १६०० गुण मिळतात. भारतासह अमेरिकेबाहेर ती मार्च २०२३ पासून संगणकावर होते. वेळ २ तास १४ मिनिटे, प्रश्न ९८, आणि प्रत्येक भागाचा दुसरा टप्पा सोपा येणार की कठीण हे पहिल्या टप्प्यातील उत्तरांवरून ठरते.

हा स्कोअर अर्जातील अनेक कागदांपैकी एक असतो. नववीपासूनचे शालेय गुण, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे, शाळेबाहेरचे उपक्रम आणि स्कोअर हे सर्व माणसे बसून एकत्र वाचतात. म्हणूनच स्कोअर पाठवावा की नाही हा प्रश्नच निर्माण होतो. जेईईच्या बाबतीत तो कोणाच्या मनातही येत नाही.

२. ‘टेस्ट ऑप्शनल’ म्हणजे परीक्षा दिलीच नाही तरी चालते, असे समजावे का?

शब्दशः पाहिले तर होय. स्कोअर नसलेला अर्जही पूर्ण धरला जातो. परंतु हा शब्द हल्ली सरसकट वापरला जातो आणि त्यात चार वेगळी धोरणे एकमेकांत मिसळतात. पहिले धोरण सक्तीचे आहे, तेथे स्कोअर नसेल तर अर्ज अपुरा ठरतो. दुसरे ऐच्छिक, म्हणजे खरे टेस्ट ऑप्शनल. तिसरे ‘टेस्ट फ्लेक्सिबल’, तेथे कोणता तरी स्कोअर द्यावा लागतो, पण सॅट, एसीटी (सॅटसारखीच दुसरी परीक्षा), एपी (विषयवार परीक्षा), आयबी (आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाची परीक्षा) यांपैकी कोणता हे विद्यार्थी ठरवतो. चौथे ‘टेस्ट ब्लाइंड’, तेथे स्कोअर पाठवला तरी प्रवेशाच्या निर्णयात तो पाहिलाच जात नाही.

ऐच्छिक धोरण नवे नाही. मेन राज्यातील बोडन कॉलेजने ते १९६९ मध्येच स्वीकारले आणि शिकागो विद्यापीठाने २०१८ मध्ये. २०२० मध्ये करोनामुळे परीक्षा केंद्रे बंद पडली, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनाच ते स्वीकारावे लागले. त्या काळातील ‘आता सॅट लागत नाही’ हे वाक्य नागपुरात अजूनही तसेच फिरत आहे, आणि त्यामुळे काही मुलांची ऐन नोव्हेंबरमध्ये धावपळ होते. का, ते पुढच्या प्रश्नात पाहू.

३. सध्या कोणती नामांकित विद्यापीठे स्कोअर मागतातच?

मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीने मार्च २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. कारण त्यांनी मोकळेपणाने सांगितले: तेथील प्रत्येक विद्यार्थ्याला अवघड गणित शिकावे लागते, आणि विद्यार्थ्याची तेवढी तयारी आहे का हे स्कोअरशिवाय ओळखणे कठीण जाते. त्यानंतर २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ यांनी तेच केले. येलने त्याच वर्षी ‘फ्लेक्सिबल’ मार्ग निवडला. स्टॅनफर्ड, कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया आणि जॉन्स हॉपकिन्स यांनी २०२६ च्या प्रवेशांसाठी सक्ती परत आणली. प्रिन्स्टनने २०२७-२८ च्या अर्ज हंगामापासून ती लागू होईल असे जाहीर केले आहे. पर्ड्यू, जॉर्जिया टेक आणि फ्लोरिडातील सरकारी विद्यापीठे यांनाही स्कोअर लागतो. अभियांत्रिकीसाठी आपल्याकडची मुले यांतील अनेक नावे यादीत लिहितात.

दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया विद्यापीठाची सर्व संकुले, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे, प्रवेशासाठी स्कोअर पाहत नाहीत. कोलंबिया विद्यापीठाने २०२३ मध्ये परीक्षा ऐच्छिकच राहील असे जाहीर केले.

आपल्या यादीत दहा विद्यापीठे असतील तर त्यांत ही सर्व धोरणे असण्याची शक्यता मोठी आहे. त्यामुळे ‘परीक्षा द्यावी का’ आणि ‘स्कोअर पाठवावा का’ हे दोन निर्णय वेगळे ठेवावेत. पहिल्याचे उत्तर बहुतेकांसाठी ‘होय’ असेच येते. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळे असू शकते.

४. स्कोअर पाठवला नाही तर ‘कमी आला असेल’ असे तेथील लोक समजतात का?

ऐच्छिक धोरण असलेली विद्यापीठे स्पष्टपणे लिहितात की स्कोअर नसल्यामुळे अर्जदाराचे नुकसान होणार नाही, आणि ती अर्जांकडे वाईट हेतूने पाहतात असे मला वाटत नाही. पण नुकसान न करणे वेगळे आणि रिकामी जागा भरून निघणे वेगळे. स्कोअर नसला की वाचणारा उरलेल्या कागदांवर अधिक भार टाकतो. ते कागद भक्कम असतील तर काहीच बिघडत नाही. ते पातळ असतील तर अर्ज वाचणाऱ्याला हो म्हणायला आधार सापडत नाही. म्हणून ‘माझा स्कोअर चांगला आहे का’ एवढ्यावर थांबू नये. ‘स्कोअर काढून घेतला तर माझ्या अर्जात काय उरते’ हे स्वतःला विचारावे. पुढील सर्व उत्तरे याच प्रश्नाभोवती आहेत.

५. माझा स्कोअर पाठवण्याजोगा आहे की नाही, हे कसे ठरवायचे?

प्रथम आकडे शोधावेत. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे एक ठरावीक नमुन्यातील पत्रक दर वर्षी प्रसिद्ध करतात. विद्यापीठाच्या नावापुढे हे शब्द लिहून शोधल्यास ते सापडते. त्यातील ‘सी ९’ या भागात त्या वर्षी प्रत्यक्ष दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपैकी किती टक्क्यांनी स्कोअर दिला, आणि त्यांच्या स्कोअरचा २५ वा, ५० वा व ७५ वा शतमक (पर्सेंटाइल, म्हणजे तितके टक्के विद्यार्थी ज्याच्या खाली असतात तो स्कोअर) किती, हे दिलेले असते. त्याच्या थोडे आधी ‘सी ७’ मध्ये परीक्षेच्या स्कोअरला ते विद्यापीठ किती महत्त्व देते हेही कळते. ही दोन पाने वाचायला दहा मिनिटे लागतात. नातेवाइकाच्या मुलाला किती गुण असताना कोठे प्रवेश मिळाला, या चर्चेत जाणाऱ्या दहा संध्याकाळींपेक्षा ती दहा मिनिटे मोलाची आहेत.

आता त्या आकड्यांचा अर्थ. समजा एखाद्या ऐच्छिक धोरणाच्या विद्यापीठाचा २५ वा शतमक १४०० आणि ७५ वा १५२० आहे, आणि फक्त ४० टक्के विद्यार्थ्यांनी स्कोअर दिला आहे. उरलेले ६० टक्के कोण? त्यांतील काहींनी परीक्षा दिली नसेल, पण अनेकांना १४०० पेक्षा कमी गुण असल्यामुळे त्यांनी स्कोअर पाठवला नसेल. म्हणजे पत्रकातले आकडे संपूर्ण वर्गाचे नाहीत, फक्त पाठवणाऱ्यांचे आहेत, आणि त्यामुळे ते वर सरकलेले आहेत. दर वर्षी मुले या वरच्या आकड्याकडे पाहून आपला बरा स्कोअर लपवतात, आणि पुढच्या वर्षी तो आकडा आणखी वर जातो. डार्टमथच्या चार प्राध्यापकांनी २०२४ च्या आरंभी दिलेल्या अहवालात नेमके हेच दिसले. साधनांची कमतरता असलेल्या घरांतील काही अर्जदारांनी १४०० च्या आसपासचे स्कोअर पाठवले नव्हते, आणि ते पाठवले असते तर त्यांना फायदा झाला असता. कारण स्कोअर वाचताना तो कोणत्या परिस्थितीतून आला आहे हेही तेथे पाहिले जात होते.

या सगळ्यावरून मी जे सुचवतो ते असे. आपला स्कोअर २५ व्या शतमकाइतका किंवा त्याहून वर असेल तर तो पाठवावा, मध्यबिंदू, म्हणजे ५० वा शतमक, गाठण्याची वाट पाहू नये. त्याच्या खाली साधारण ५०-६० गुणांच्या आत असेल तर प्रश्न ४ मधील कसोटी लावावी आणि प्रश्न ६ वाचावा. अशा वेळी राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याबाबत माझा कल पाठवण्याकडे असतो. शंभर किंवा त्याहून जास्त गुणांनी खाली असेल तर त्या विद्यापीठाला पाठवू नये, आणि ते विद्यापीठ आपल्या यादीत ‘अवघड’ या गटात आहे हे मान्य करावे. हा नियम नव्हे, अनुभवातून आलेला अंदाज आहे. अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्रासाठी एकूण बेरजेपेक्षा गणिताचा आकडा आधी पाहावा. त्याविषयी प्रश्न ८ मध्ये लिहिले आहे.

६. मी महाराष्ट्र राज्य मंडळाची विद्यार्थिनी आहे. दहावीला ९४ टक्के आहेत आणि बारावीला ९० अपेक्षित आहेत. एवढे गुण असताना स्कोअर पाठवण्याची गरज काय?

आपले गुण उत्तम आहेत, पण आपला अर्ज तेथे वाचला जाईल त्या दिवशी त्यांतले किती कागदावर असतील याचा विचार करावा. अर्जाच्या मुदती नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून जानेवारीच्या आरंभापर्यंत असतात. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि निकाल त्यानंतर लागतो. म्हणजे निर्णय होईपर्यंत मंडळाने दिलेला एकमेव निकाल दहावीचा, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीचा असतो. दहावीची टक्केवारीही ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने काढलेली असते. नववी, अकरावी आणि बारावीच्या चाचण्या यांचे गुण शाळा-महाविद्यालय स्वतःच्या शिक्क्याने देते, आणि ते किती कडक किंवा सैल तपासले गेले हे हजारो मैलांवर बसलेल्या वाचकाला कळण्याचा मार्ग नसतो.

अमेरिकेतील शाळा आपल्या विद्यार्थ्यांसोबत ‘स्कूल प्रोफाइल’ पाठवते. त्यात कोणते विषय उपलब्ध होते, गुण कसे दिले जातात, गेल्या वर्षीची मुले कोठे गेली हे लिहिलेले असते. नागपुरातील काही सीबीएसई आणि आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये हे काम करणारे समुपदेशक आहेत. आपल्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत मात्र ही पद्धतच नाही. शिफारसपत्र प्राचार्यांकडून किंवा विषयशिक्षकांकडून येते, आणि ते बहुधा चार ओळींचे चारित्र्य प्रमाणपत्र असते, कारण त्यांनाही याहून वेगळे कोणी कधी मागितलेले नसते. यात कोणाचा दोष नाही. पण परिणाम असा होतो की न्यू जर्सीतील मुलीच्या अर्जातून स्कोअर काढला तरी तिच्याविषयी सांगणारे पाच-सहा विश्वासार्ह कागद उरतात. धरमपेठेतील मुलीच्या अर्जातून तो काढला तर दहावीची गुणपत्रिका आणि निबंध एवढेच उरते.

या कारणासाठी मला वाटते की ‘शंका असेल तर पाठवू नका’ हा अमेरिकन मुलांना दिला जाणारा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. नागपूर विभागातून अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाकडे कदाचित वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अर्ज जात असतील. तेथील वाचकाला तुलनेसाठी एक ओळखीची मोजपट्टी हवी असते, आणि स्कोअर ही त्यांच्या हातातील तशी एकमेव मोजपट्टी आहे.

याबरोबरच दोन कामे करावीत. शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना जुलैमध्येच भेटून आपण वर्गात काय केले याची एक पानभर टिपण नम्रपणे द्यावी. आणि अर्जातील ‘अधिक माहिती’ या जागेत आपल्या मंडळाची गुणपद्धती तीन-चार वाक्यांत समजावून सांगावी.

७. माझा मुलगा कोचिंगशी जोडलेल्या ‘इंटिग्रेटेड’ महाविद्यालयात आहे. जेईईच्या तयारीत अकरावीकडे लक्षच दिले नाही, ६३ टक्के मिळाले. चांगला सॅट स्कोअर हे झाकून टाकेल का?

झाकणार नाही, पण समजावून द्यायला मदत करेल. अकरावीचे गुण द्यावेच लागतात. तेथे अर्ज वाचताना वर्गातील चार वर्षांच्या कामाला परीक्षेपेक्षा जास्त वजन असते, आणि हे आपल्याकडच्या पालकांना पटवणे मला सर्वांत कठीण जाते, कारण आपल्याकडे अकरावीच्या गुणांवर कोणताही प्रवेश ठरत नाही. गणितात ७८० आणि अकरावीच्या गणितात ६० असे दोन आकडे शेजारी आले, तर वाचणाऱ्याला मुलाची क्षमता दिसते आणि त्याच वेळी तो रोजचे काम करत नाही अशी शंकाही येते. स्कोअर पाठवलाच पाहिजे, मात्र त्यासोबत प्राचार्यांच्या पत्रात त्या वर्षीचे वेळापत्रक खरेपणाने लिहिलेले असावे आणि बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण वर गेलेले दिसावेत. हजेरी केवळ कागदावरच असेल, तर अशा महाविद्यालयाकडून शिफारस मागताना पुढे काय विचारले जाऊ शकते याचा पालकांनी आधीच विचार करावा.

८. गणितात ७६० आणि इंग्रजीत ५६० आहेत. फक्त गणिताचे गुण पाठवता येतील का?

येत नाहीत. एका दिवसाच्या परीक्षेचे दोन्ही भाग एकत्रच जातात. दहावीपर्यंत मराठी किंवा हिंदी माध्यमात शिकलेल्या मुलांत असा फरक नेहमी दिसतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. १३२० ही बेरीज अनेक चांगल्या सरकारी विद्यापीठांच्या अभियांत्रिकी शाखेसाठी पाठवण्यासारखी आहे. उदारमतवादी शिक्षण (लिबरल आर्ट्स) देणाऱ्या लहान कॉलेजांसाठी, जेथे पहिल्या वर्षी प्रत्येकाला भरपूर लिहावे लागते, तेथे ५६० हा आकडा मनात शंका निर्माण करील. तेथे स्कोअर ऐच्छिक असेल तर तो न पाठवता इंग्रजी भाषेच्या परीक्षांचा, म्हणजे टोफेल किंवा आयईएल्‌टीएसचा चांगला निकाल आणि स्वतः लिहिलेला निबंध यांवर भर द्यावा. वेळ हातात असेल तर पुन्हा परीक्षा देणे हाच उत्तम मार्ग. वाचन-लेखनाचे गुण केवळ सराव प्रश्नपत्रिकांनी फार वाढत नाहीत. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातील एक गंभीर लेख वाचून त्याचा मुद्दा दोन वाक्यांत लिहिण्याची सवय काही महिन्यांत फरक पाडते.

९. दोनदा परीक्षा दिली. पहिल्यांदा १३५०, दुसऱ्यांदा १३३०. दोन्ही पाठवावे लागतील का?

बहुतेक विद्यापीठांसाठी नाही. कॉलेज बोर्डाच्या ‘स्कोअर चॉइस’ सोयीमुळे कोणत्या दिवसाचा स्कोअर पाठवायचा हे आपण निवडू शकतो. मात्र काही मोजकी विद्यापीठे सर्व प्रयत्नांचे स्कोअर मागतात, आणि त्यांचा नियम पाळावा. दुसरीकडे अनेक विद्यापीठे ‘सुपरस्कोअर’ करतात, म्हणजे वेगवेगळ्या दिवसांतील प्रत्येक भागाचे सर्वोत्तम गुण घेऊन बेरीज करतात. पहिल्या दिवशी गणितात ७२० व इंग्रजीत ६३०, आणि दुसऱ्या दिवशी गणितात ६७० व इंग्रजीत ६६० असतील, तर सुपरस्कोअर १३८० होतो. अशा वेळी ‘कमी’ दिसणारा दुसरा स्कोअर पाठवणेच हिताचे ठरते. प्रश्न ५ मधील तुलनाही मग १३८० घेऊनच करावी.

येथे एक सावधगिरी. परीक्षेच्या दिवसापासून नऊ दिवसांपर्यंत चार विद्यापीठांना स्कोअर विनाशुल्क पाठवता येतो, पण निकाल त्यानंतर लागतो. म्हणजे स्वतःचा स्कोअर पाहण्यापूर्वीच तो निघून गेलेला असतो. सक्तीच्या विद्यापीठांसाठी ही सोय वापरावी. ऐच्छिक विद्यापीठांसाठी वाचलेले काही डॉलर निर्णयाचा अधिकार घालवतात.

१०. शिष्यवृत्ती हवी असेल तर?

तर पाठवण्याची बाजू बरीच भक्कम होते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना अमेरिकन सरकारचे आर्थिक साहाय्य मिळत नाही. पैसा येतो तो विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून. गुणवत्तेवर दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी काही विद्यापीठे शालेय गुण आणि सॅट यांचा थेट तक्ताच लावतात, तर काही ठिकाणी प्रवेश ऐच्छिक असूनही मोठ्या शिष्यवृत्तीसाठी स्कोअर मागितला जातो. प्रवेशाचे पान आणि शिष्यवृत्तीचे पान ही दोन्ही वेगळी वाचावीत, कारण त्यांतील अटी वेगळ्या असू शकतात. अशा विद्यापीठात आपला स्कोअर मध्यबिंदूच्या बराच वर असेल, तर तोच स्कोअर अधिक कठीण विद्यापीठात पाठवून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा येथे कितीतरी पटींनी उपयोगी पडतो. कर्ज काढून शिकवणाऱ्या घरांनी यादी करतानाच हा हिशेब मांडावा.

११. काही विद्यापीठांना स्कोअर पाठवायचा आणि काहींना नाही, असे कॉमन ॲपवर करता येते का?

येते. कॉमन ॲप म्हणजे अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करण्याचे संकेतस्थळ. त्यातील परीक्षांचा भाग सर्व विद्यापीठांसाठी समान असला तरी अर्ज एकेक करून पाठवले जातात, आणि प्रत्येक वेळी पाठवण्यापूर्वी तो भाग बदलता येतो. शिवाय ऐच्छिक विद्यापीठे आपल्या प्रश्नावलीत ‘तुमचा अर्ज स्कोअरसह वाचावा का’ असे वेगळे विचारतात. ज्यांना स्कोअर द्यायचा आहे त्यांचे अर्ज आधी पाठवावेत, मग तो भाग रिकामा करून उरलेले पाठवावेत, आणि प्रत्येक अर्जाची पीडीएफ प्रत उघडून तपासावी. अनेक विद्यापीठे आरंभी स्वतः नोंदवलेला स्कोअर मान्य करतात आणि कॉलेज बोर्डाचा अधिकृत अहवाल प्रवेश घेताना मागतात. नोंदवलेला आणि अधिकृत आकडा जुळला नाही तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

१२. अर्ज पाठवल्यानंतर मन बदलले तर?

कोणत्या दिशेने बदलले यावर ते अवलंबून आहे. डिसेंबरमध्ये चांगला स्कोअर आला आणि तो जोडायचा असेल, तर अनेक विद्यापीठे अर्जदाराच्या पोर्टलवर तशी सोय देतात. आधी दिलेला स्कोअर मागे घ्यायचा असेल तर मुदतीपूर्वी प्रवेश विभागाला थोडक्यात, विनयाने ईमेल लिहावा. एकदा वाचन सुरू झाले की ते शक्य होतेच असे नाही.

१३. सॅटऐवजी एसीटी, एपी किंवा जेईईचे पर्सेंटाइल चालेल का?

एसीटी सर्वत्र सॅटच्या बरोबरीने चालते. तिचे गुण १ ते ३६ असतात आणि २०२५ मधील बदलांनंतर विज्ञानाचा भाग ऐच्छिक झाला आहे. तुलनेसाठी एसीटीचे ३० म्हणजे सॅटचे सुमारे १३७०, आणि ३४ म्हणजे सुमारे १५००. एपी ही विषयवार परीक्षा आहे. येलसारख्या फ्लेक्सिबल विद्यापीठात ती सॅटची जागा घेऊ शकते, पण मग दिलेल्या सर्व एपी विषयांचे निकाल द्यावे लागतात. हार्वर्डने अपवाद म्हणून इतर परीक्षांचे निकाल मान्य केले आहेत, पण ती सवलत सॅट-एसीटी देणेच ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी आहे. नागपूरहून मुंबई-पुणे-हैदराबादला रात्रीच्या गाडीने जाता येते अशा विद्यार्थ्याने तिच्यावर विसंबू नये.

जेईईचे पर्सेंटाइल सॅटची जागा घेत नाही. ते खरोखर उल्लेखनीय असेल तर सन्मान किंवा अधिक माहितीच्या जागेत एका वाक्यात, परीक्षेला किती विद्यार्थी बसतात हे सांगून लिहावे. जर्मनीसाठी मात्र गोष्ट उलट आहे. तेथे सॅटला विशेष अर्थ नाही आणि जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असणे तांत्रिक शाखांच्या थेट प्रवेशासाठी उपयोगी पडते.

१४. सॅटच्या इंग्रजीत चांगले गुण असले तर टोफेल-आयईएल्‌टीएस द्यावी लागत नाही ना?

काही विद्यापीठे ठरावीक गुणांवर तशी सूट देतात, सर्व नाहीत. उलट सॅट न पाठवल्यास ही सूटही जाते, हे प्रश्न ४ मधील हिशेबात धरावे.

१५. परीक्षा कधी द्यावी म्हणजे पाठवण्याचा निर्णय शांतपणे घेता येईल?

अकरावी संपताना, मार्च, मे किंवा जूनमध्ये पहिला प्रयत्न, आणि गरज पडल्यास ऑगस्टमध्ये दुसरा. नोव्हेंबरच्या मुदतीसाठी ऑक्टोबर आणि जानेवारीच्या मुदतीसाठी डिसेंबर ही शेवटची संधी समजावी. पण डिसेंबरमध्ये बारावीच्या सराव परीक्षा आणि प्रात्यक्षिकांच्या वह्या डोक्यावर असतात. नागपुरात जागा मिळाली नाही तर दुसऱ्या शहरातील केंद्र, रेल्वे आरक्षण आणि मुक्काम हे सर्व आधी पाहावे लागते. शुल्क शंभर डॉलरच्या पुढे जाते, त्यामुळे तिसरा-चौथा प्रयत्न नुसता ‘पाहू या’ म्हणून देऊ नये. नोंदणीतील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. वडिलांचे नाव मधे असणे-नसणे यावरून आपल्याकडे हमखास घोळ होतो.

१६. आमचे सल्लागार म्हणतात, ‘स्कोअर नकोच, मी स्कोअरशिवाय प्रवेश करून देतो.’ विश्वास ठेवावा का?

त्यांना तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या विद्यापीठात, त्या विद्यापीठाकडून तुम्हाला मोबदला मिळतो का, आणि शिष्यवृत्तीनंतर चार वर्षांचा खर्च किती. विद्यार्थी पाठवल्याबद्दल काही विद्यापीठे एजंटांना कमिशन देतात, आणि ते उघडपणे चालते. त्यात बेकायदा काही नाही. पण अशा वेळी परीक्षेचे सहा महिने वाचवणे सल्लागाराच्या सोयीचे असते, तर स्कोअरमुळे उघडणारे दरवाजे विद्यार्थ्याच्या सोयीचे. प्रामाणिक सल्लागार या प्रश्नांनी दुखावला जात नाही.

१७. मी नागपूर विद्यापीठातून अभियांत्रिकी करत आहे. एमएसच्या अर्जासाठी दिल्या जाणाऱ्या जीआरई परीक्षेच्या बाबतीतही हेच लागू आहे का?

तत्त्व तेच आहे. तपशील मात्र वेगळा. येथे निर्णय विद्यापीठाचा नसून प्रत्येक विभागाचा असतो. एकाच विद्यापीठात संगणकशास्त्र विभाग जीआरई स्वीकारत नाही आणि यंत्र अभियांत्रिकी विभाग ती ऐच्छिक ठेवतो, असे होते. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई दोन तासांच्या आत संपते. शाब्दिक व संख्यात्मक भागांना प्रत्येकी १३० ते १७० गुण असतात आणि स्कोअर पाच वर्षे चालतो. अभियांत्रिकीसाठी संख्यात्मक भागात १६५ च्या वर असेल तर तो ऐच्छिक ठिकाणी बिनधास्त पाठवावा. सीजीपीए साडेसातच्या आसपास असेल आणि महाविद्यालयाचे नाव तेथे ओळखीचे नसेल, तर असा स्कोअर विशेष उपयोगी पडतो. सीजीपीए नऊच्या वर असून प्रकल्प आणि इंटर्नशिप भक्कम असतील, तर १५८ पाठवून काही मिळत नाही.

१८. कॅलिफोर्निया विद्यापीठ स्कोअर पाहत नाही म्हणतात, मग त्यांच्या अर्जात तो लिहिण्याची जागा का आहे?

हा प्रश्न नोव्हेंबरमध्ये, त्यांची मुदत जवळ आली की, हमखास येतो. प्रवेश द्यावा की नाही आणि त्यांची शिष्यवृत्ती द्यावी की नाही, या दोन्ही निर्णयांत ते स्कोअर विचारात घेत नाहीत. मात्र किमान पात्रतेची अट पूर्ण करण्याचा पर्यायी मार्ग म्हणून, किंवा प्रवेश घेतल्यानंतर कोणत्या पातळीच्या वर्गात बसवायचे हे ठरवण्यासाठी तो वापरला जाऊ शकतो. त्यामुळे तेथे १५५० लिहून प्रवेशाची शक्यता वाढत नाही आणि १२०० लिहून ती कमी होत नाही. केवळ या विद्यापीठाची संकुले यादीत असतील तर सॅटवर खर्च करू नये. पण प्रश्न ३ मधील एखादे नाव सोबत असेल, तर परीक्षेची नोंदणी उन्हाळ्यातच करावी.